चोवीस शब्दांची चोरी

१

पाकीट फोडलं आणि आत कोरा कागद निघाला.

दातांच्या दवाखान्यात, पेशंटच्या खुर्चीभोवती त्या वेळी पाच माणसं होती. डॉक्टर, त्यांचा थोरला आणि त्यांचा धाकटा हे तिघं एकदम "अरे!" म्हणाले. दवाखान्याच्या सिस्टर हातातला ट्रे धरून जागच्या जागी उभ्या राहिल्या. पाचवी आत्या, म्हणजे डॉक्टरांची मोठी बहीण. ती कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून, रविवारची छान सकाळ आपण या मूर्खपणात का घालवतो आहोत, याचा विचार करत होती.

मूर्खपणा पाच वर्षं जुना होता. डॉक्टरांनी पासष्टाव्या वाढदिवसाला दोन्ही मुलांना सारखी रक्कम दिली. थोरल्याने ती शेअरमध्ये घालायची, धाकट्याने क्रिप्टोत. सत्तराव्या वाढदिवसाला, म्हणजे आज, दोन्ही रकमा समोर मांडायच्या आणि ज्याची जास्त भरेल त्याच्या नावावर दवाखान्याची जागा करायची. आत्याने तेव्हाच सांगितलं होतं, "पोरांची कोंबड्यांसारखी झुंज लावू नकोस. एक मरेल आणि दुसरा तुलाच टोचेल." पण भावाने बहिणीचं ऐकायचं म्हणजे जगबुडीच.

त्यात या पाकिटाचं फार कौतुक होतं. क्रिप्टोची नाणी म्हणे खिशात नसतात, बँकेतही नसतात. चोवीस इंग्रजी शब्द एका ठरावीक क्रमाने ज्याच्याकडे असतील, नाणी त्याची. धाकट्याने ते शब्द कागदावर लिहून वडिलांकडे दिले. डॉक्टरांनी ते पाकिटात घालून, कवळीसाठी वापरतात त्या गुलाबी मेणाने बंद केले आणि मेण ओलं असताना त्यात प्लॅस्टरची एक दाढ दाबून ठसा उमटवला. पाकीट औषधांच्या लोखंडी कपाटात गेलं. कपाटाच्या किल्ल्या दोन, एक डॉक्टरांकडे, एक सिस्टरांकडे.

"किल्ल्या दोनच," थोरला म्हणाला आणि त्याने सिस्टरांकडे पाहिलं.

"तेच म्हणतो मी," धाकटा म्हणाला. पाच वर्षांत हे दोघे पहिल्यांदाच एका मताचे झाले होते.

आणि मग आत्याने जे पाहिलं त्याने तिचं डोकंच फिरलं. तिच्या भावाने, ज्याच्या दवाखान्यात या बाईने तीस वर्षं काढली होती त्याने, नजर न उचलता म्हटलं, "सिस्टर, जरा पर्स उलटी करता का?"

सिस्टरांनी ट्रे खाली ठेवला आणि पर्स उलटी केली. कंगवा, चष्म्याचं घर, सुटे पैसे, गुडघ्याला लावायचं मलम. तेवढ्या वेळात थोरल्याने खालच्या केमिस्टला आणि इमारतीच्या सेक्रेटरीला फोन करून 'आमच्या सिस्टरांनी हात मारला' असं कळवूनही टाकलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. आता तो पोलिसांचा नंबर शोधत होता.

"ठेव तो फोन," आत्या म्हणाली. "बारा वाजेपर्यंत पोलीस नाहीत. बारानंतर हवं तर मीच बोलावीन, कुणासाठी ते तेव्हा ठरवू."

आत्या एकतीस वर्षं विमा कंपनीत दावे तपासत होती. जळालेली गोदामं, बुडालेली होडकी आणि मेलेले काका तिने इतके पाहिले होते, की रडणाऱ्या माणसाचा तिला पहिल्यापासूनच संशय येई. तिने फाटलेलं पाकीट उचललं आणि खिडकीपाशी नेलं. ठसा दाढेचाच होता. पण गुलाबी मेणात बारीक काळसर रेघा होत्या.

२

मागच्या खोलीत हत्यारं उकळायचं भांडं, कवळ्यांचे साचे आणि एक सिंक. सिस्टर सिंकला टेकून उभ्या होत्या. त्या रडत नव्हत्या, हे आत्याला आवडलं.

"ताई, मी नाही घेतला."

"ते मी विचारलंच नाही. मेण कसं गरम करता तुम्ही?"

सिस्टर जरा गोंधळल्या. मग त्यांनी शेल्फवरचा स्पिरिटचा दिवा दाखवला. "याच्यावर. डॉक्टर पण याच्यावरच. दुसऱ्या कशावर केलं तर मेण खराब होतं."

"मागच्या आठवड्यात पोरं इथं आली होती?"

"आली होती ना. थोरले मंगळवारी, धाकटे गुरुवारी. दोघंही दुपारीच. डॉक्टर जेवून खुर्चीतच आडवे होतात तेव्हा. किल्ल्या ट्रेमध्ये काढून ठेवतात, खिशात टोचतात म्हणून. मी तासभर घरी जाते."

म्हणजे दोन किल्ल्यांचा हा सगळा बंदोबस्त दुपारी एक ते दोन उघडा असायचा. आत्याला भावाची कीव यायला हवी होती, पण आली नाही.

"ताई," सिस्टर हळूच म्हणाल्या, "माणसं इथं तोंड उघडतात आणि डोळे मिटतात. बायका चेन, कानातलं काढून माझ्या हातात देतात. मी छप्पन वर्षांची आहे. खाली फोन गेलाय. उद्या मला कोण दारात उभं करेल?"

बारा वाजायला दीड तास होता, आणि नुसत्या काळ्या रेघांनी भागणार नव्हतं. 'मुद्दामच तसं केलं असेल तिनं,' एवढं म्हणायला थोरल्याला अक्कल लागणार नव्हती. चोराचं नावच हवं होतं. तिने दार उघडून थोरल्याला हाक मारली, आणि तो इतका हसत आला की आत्या सावध झाली.

३

थोरला घरं विकणाऱ्या कंपनीत होता आणि घरीही तसाच बोलायचा.

"आत्या, तुला म्हणून सांगतो. शेअर म्हणजे काय? खऱ्या कंपनीतला खरा हिस्सा. कारखाना दिसतो, माल विकला जातो, नफा झाला तर लाभांश येतो. पडला तरी खाली जमीन असते. क्रिप्टोच्या खाली काय आहे? हवा! आपल्यापेक्षा मोठा मूर्ख उद्या भेटेल आणि जास्त पैसे देईल, एवढ्यावर सगळा कारभार."

बोलणं खोटं नव्हतं. पण आत्याने असंच बरोबर बोलणारी माणसं स्वतःची दुकानं पेटवताना पाहिली होती.

"वा. मग तुझे शेअर दाखव की."

"ऑनलाइन आहेत गं सगळे. कधीही दाखवेन. पण आता त्याचा कागदच नाही म्हटल्यावर माझं उघडून काय उपयोग? स्पर्धाच रद्द. बाबांनी जागा सरळ अर्धी अर्धी वाटून टाकावी."

"हं. मला मेलीला ते क्रिप्टो काही कळत नाही," आत्या पदराने चष्मा पुसत म्हणाली. "कागद गेला म्हणजे पैसे गेले का रे?"

थोरल्याचा चेहरा खुलला. अडाणी म्हातारीला शिकवण्याचं सुख त्याला सोडवेना.

"छे छे. नाणी कागदावर नसतातच. ती असतात वॉलेटमध्ये, म्हणजे ऑनलाइन पाकिटात. प्रत्येक वॉलेटला एक पत्ता असतो, आणि तो पत्ता ठाऊक असला की जगातला कुणीही आत किती नाणी आहेत, कधी आली, कधी गेली ते बघू शकतो. शब्द लागतात ते नाणी हलवायला. कागद चोरायचीही गरज नाही, मोबाइलवर फोटो काढला तरी झालं. आणि नाणी कधी एक्सचेंजवर, म्हणजे जिथं ती विकत घेतो त्या साइटवर, ठेवायची नाहीत बरं का. एक्सचेंज बुडालं की पैसे काढायचं बटण नुसतं गोल गोल फिरत बसतं. महिना, दोन महिने, फिरतंच. मेल केला तरी उत्तर नाही. त्यांच्या ऑफिसच्या पत्त्यावर जावं तर तिथं केस कापायचं दुकान."

त्याने जीभ चावली.

"तुला बरंच माहीत आहे," आत्या म्हणाली.

"वाचलं होतं कुठेतरी."

केस कापायच्या दुकानाचं कुणी लिहीत नाही, हे आत्याला न वाचताही ठाऊक होतं. तिने धाकट्याला बोलावलं.

४

धाकटा घरात बसून संगणकावर काम करायचा, आणि जगात आपल्याशिवाय सगळी मेंढरं आहेत असं त्याचं मत होतं. तो आला तो मोबाइलवर बोट फिरवतच. कुणाच्या तरी लग्नाचे फोटो पाहत होता.

"आत्या, शेअर म्हणजे दुसऱ्याच्या दुकानात डोळे मिटून भागीदारी. मालक आकडे फुगवतो आणि तुम्ही टाळ्या वाजवता. क्रिप्टोला कुणी मालक नाही. नाणी किती निघणार ते आधीच ठरलेलं, कुणा साहेबाच्या मनात आलं म्हणून जास्त छापता येत नाहीत. रात्रंदिवस बाजार उघडा. कुणाची सही नको, कुणाची परवानगी नको."

"पण भाव एकदम निम्म्यावर येतो म्हणे?"

"येतो! म्हणून तर छाती लागते. पहिल्याच वर्षी आला होता. लोक रडत विकून पळाले. मी हललो नाही." तो खुर्चीत मागे रेलला. "त्यापेक्षा तुमच्या त्या शेअरवाल्यांचे हाल बघ. बाजार उघडला की पहिल्या मिनिटात खालच्या सर्किटला. म्हणजे भाव तळाला जाऊन अडकतो, विकायचं म्हटलं तर घ्यायला कुणी नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा. अकरा दिवस सकाळी दात न घासता नुसतं बघत बसायचं."

"अकरा?"

"म्हणजे, होतं असं लोकांचं."

आत्याने मान डोलावली. "मग तुझी नाणी गेली की आहेत अजून?"

"गेलीच असणार. चोराने कागद नेलाय म्हटल्यावर."

"असणार?"

"आता कसं कळणार? पत्तासुद्धा त्याच कागदावर होता." त्याने पुन्हा मोबाइलवर बोट फिरवलं. "आत्या, तू उगाच वेळ घालवतेस. पोलिसांचे दोन फटके बसले की ती बाई बोलेल."

हे ऐकल्यावर आत्याला त्याची अशी किळस आली की तिने खिडकी उघडली. हाच पोरगा सात वर्षांचा असताना दात पाडायच्या भीतीने याच सिस्टरांच्या कमरेला मिठी मारून तासभर बसला होता. बारा वाजायला वीस मिनिटं होती.

"चल बाहेर," ती म्हणाली. "चोर सापडला."

५

आत्या सरळ पेशंटच्या खुर्चीत जाऊन बसली. तिथून सगळ्यांचे चेहरे दिसत होते.

"सिस्टर, तो दिवा पेटवा. आणि तू रे," ती भावाला म्हणाली, "तुझ्या त्या वाढदिवसाच्या केकवरची मेणबत्ती आण."

डॉक्टर निमूटपणे उठले. आत्याने गुलाबी मेणाचा एक तुकडा स्पिरिटच्या दिव्यावर धरला. ज्योत निळसर होती. मेण मऊ झालं आणि तसंच गुलाबी राहिलं. दुसरा तुकडा तिने मेणबत्तीवर धरला. क्षणात त्यावर काजळी चढली, आणि बोटाने मळल्यावर गुलाबी मेणात काळसर रेघा उठल्या. तिने तो तुकडा फाटलेल्या पाकिटाशेजारी ठेवला.

"ज्या बाईने तीस वर्षं रोज मेण गरम केलं, ती हातभर अंतरावरचा दिवा सोडून मेणबत्ती शोधत जाईल? हे काम अशा माणसाचं, ज्याने बापाच्या दवाखान्यात कधी कशाला हातच लावला नाही."

"तिने मुद्दाम केलं असेल, आपल्यावर यावं म्हणून," थोरला म्हणाला. त्याने आत्याला निराश केलं नाही.

"बरं. मेण सोड. कागद का नेला ते सांग. तूच मला शिकवलंस, फोटो काढला तरी पुरतो. मग ज्याला नाणी चोरायची असतील तो गुपचूप फोटो काढेल आणि कागद जागेवर ठेवेल. पाकीट रविवारी फुटणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, मग कोरा कागद ठेवून चोरीची बोंब कशाला होऊ देईल? ज्याला यातलं कळत नाही त्याला तो कागद म्हणजे कचरा. मग कागद उचलून त्या जागी कोरा कोण घालेल?"

तिने फाटलेलं पाकीट ट्रेमध्ये टाकलं.

"ज्याला ते शब्द कुणी वापरू नयेत असं वाटत होतं, तो. कारण वापरले असते तर वॉलेट रिकामं आहे हे दिसलं असतं. कधीपासून रिकामं आहे, तेही."

धाकट्याने मोबाइल खिशात घातला.

"माणसाच्या घरी चोरी झाली की तो आधी कुठे धावतो? तिजोरीकडे! याचं पाच वर्षांचं घबाड गेलं, आणि सकाळपासून याने एकदाही बघितलं नाही की नाणी आहेत का हलली. लग्नाचे फोटो बघतोय. म्हणे पत्ता कागदावर होता. अरे, विकत घेतलेली नाणी तू त्या वॉलेटमध्ये पाठवलीस ना? पत्त्याशिवाय पाठवलीस? जिथून पाठवलीस तिथे तुझ्या खात्यात तो पत्ता आजही लिहिलेला असेल. काढ मोबाइल."

धाकट्याने मोबाइल काढला नाही. तो वडिलांकडे बघत म्हणाला, "निम्म्यावर आलं होतं, बाबा. मला झोप लागत नव्हती."

"विकलंस?"

"विकलं. आणि... दादा रोज जेवताना सांगायचा ना, ती पंप बनवणारी कंपनी डोळे मिटून घ्यावी. मी त्यात सगळे घातले. ती बुडाली."

"ती?" थोरला ओरडला. "अरे गाढवा, ती मी स्वतः घेतली नव्हती!"

"मग तू कसली घेतली होतीस?"

थोरल्याचं तोंड उघडं राहिलं. आत्याने ती संधी सोडली नाही. "सांग ना. गोल गोल फिरणाऱ्या बटणाबद्दल सांग. केस कापायच्या दुकानात तू कशाला गेला होतास तेही सांग."

ते बाहेर पडायला दोन मिनिटं लागली. शेअर हळूहळू वाढत होते, धाकटा मात्र 'दहापट झालं, वीसपट झालं' म्हणून छाती फुगवून हिंडत होता. थोरल्याला ते सोसवेना. त्याने भावाने वाखाणलेलं एक नाणं, सगळे शेअर विकून, अगदी शिखरावर असताना घेतलं होतं. एक्सचेंज बुडालं आणि नाणंही.

"ते नाणं?" धाकटा म्हणाला. "ते तर मी कधीच घेतलं नाही. मी नुसतं म्हणायचो."

शेअर चांगले की क्रिप्टो, याचा निकाल लागायचा होता तो राहिलाच. शेअरला दोष नव्हता, नाण्यांनाही नव्हता. पाच वर्षं दोघे नुसते हातावर हात ठेवून बसले असते तरी दोघांकडेही काहीतरी उरलं असतं. पण दोघांनी एकमेकांच्या थापा खऱ्या मानल्या, आणि त्याही चोरून.

"कागद गुरुवारी नेला," धाकटा पुटपुटला. "पाकीट आणि इथलीच एक प्लॅस्टरची दाढ घरी नेली, मेण मेणबत्तीवर मऊ करून पुन्हा ठसा दाबला आणि बाबा उठायच्या आत सगळं परत आणून ठेवलं. सिस्टरांवर येईल असं मला वाटलं नव्हतं."

"वाटलं नव्हतं, पण आल्यावर चाललं," आत्या म्हणाली. मग ती थोरल्याकडे वळली. "आणि तू! तू चोरी केली नाहीस, पण तुला हायसं वाटलं. तुझी लबाडी झाकावी म्हणून एका बाईला तुरुंगात घालायला निघालास. चोर परवडला मला तुझ्यापेक्षा."

डॉक्टर मघापासून कपाटाला टेकून उभे होते. त्यांचे ओठ हलले. "म्हणजे... दोघांचंही शून्य?"

आत्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग तिला कळलं की नाही, हाच तिचा भाऊ, आणि हाच त्याचा पहिला प्रश्न. आज सकाळपासून तिने दोन्ही भाच्यांना मनातल्या मनात हव्या तेवढ्या शिव्या घातल्या होत्या. आता तिच्या लक्षात आलं की पोरं अशी घडली होती ती याच्याच हातून. "सिस्टर इथं उभ्या आहेत," ती म्हणाली. "त्या दिसतात का तुला?"

६

डॉक्टर सिस्टरांसमोर आले. त्यांना हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

"सिस्टर, माझं चुकलं. झालं गेलं विसरून जा. उद्यापासून नेहमीसारख्या या. पगारही वाढवू आपण."

सिस्टरांनी दिवा विझवला. झाकण नीट बसवलं.

"पर्स उलटी करा असं मुलं नव्हती म्हणाली, डॉक्टर. तुम्ही म्हणालात."

डॉक्टरांनी हात पाठीमागे घेतले.

"पगाराचं नंतर बघू. येईन की नाही तेही नंतर. आधी माझं नाव जिथं जिथं पोचवलंत तिथून परत आणा. फोनवर नको. तिघांनी माझ्याबरोबर चालायचं, दारोदार."

"अहो, मी करतो ना फोन," थोरला घाईघाईने म्हणाला. "रविवारी उगाच लोकांना..."

"चप्पल घाल," आत्या म्हणाली.

ते उतरले. पुढे सिस्टर, मागे डॉक्टर, त्यांच्यामागे इस्त्रीच्या शर्टातली दोन्ही मुलं आणि शेवटी आत्या, कुणी मध्येच जिन्यावरून सटकू नये म्हणून. खाली केमिस्टच्या दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. सिस्टरांना पाहताच केमिस्टने गल्ल्याचा खण लोटून बंद केला. आपण तसं केलं हे त्याच्या लक्षातही आलं नसेल. सिस्टरांच्या आलं. त्यांचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदाच कोसळला, आणि आत्याला त्या क्षणी तिन्ही पुरुषांच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

"काका," थोरला गिऱ्हाइकांकडे पाठ करून हळू आवाजात म्हणाला, "ते मघाशी फोनवर बोललो ना, तो जरा गैरसमज झाला होता."

"गैरसमज नाही," सिस्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज कापत होता, पण दुकानभर ऐकू गेला. "चोरी झाली होती. कुणी केली ते सांगा."

थोरल्याने धाकट्याकडे पाहिलं. धाकट्याने खाली पाहिलं. गिऱ्हाइकं वळली. कफच्या औषधाचे पैसे मोजणारी एक बाई मोजायची थांबली.

शेवटी डॉक्टर पुढे झाले. काउंटरच्या काचेवर त्यांनी दोन्ही हात टेकले. "चोरी माझ्या धाकट्या मुलाने केली," ते म्हणाले. "थोरल्याने ती यांच्यावर ढकलली. आणि मी यांची झडती घेतली."

"मोठ्याने सांगा, डॉक्टर," सिस्टर म्हणाल्या. "मागच्यांना ऐकू आलं नाही."

डॉक्टरांनी गिऱ्हाइकांकडे तोंड केलं आणि पहिल्यापासून पुन्हा सांगायला सुरुवात केली.